पाण्याची धार आणि पितळेची नळी

दिवाळीचा फराळ झाला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक म्हणजे पुढच्या वर्षी चकल्या सरळ विकत आणायच्या असा ठराव (जो पुढच्या वर्षी कोणीही पाळत नाही), आणि दुसरी म्हणजे औषधांच्या कपाटातून निघणारी ॲसिडिटीची बाटली. तेव्हा मंडळाच्या अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहा, पण वाचणाऱ्याला झोप येणार नाही असं लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, विषय तर सगळ्यांच्याच पोटातला आहे! मी नोकरीची सगळी वर्षं आम्लता मोजली. पोटातली नव्हे हो. कारखान्यांच्या टाक्यांतली, नद्यांतली आणि शेवटी शेवटी समुद्रातली. आणि मोजली ती उजेडाने.

उजेडाने आम्ल कसं मोजतात हे समजायला प्रयोगशाळेत जायला नको. पांढऱ्या साडीवर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लालभडक होतो, हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं. हळदीला चुना लागला की कुंकू होतं तेही ह्याच कारणाने. हळदीतला रंग आम्लात पिवळा राहतो आणि साबण-चुन्यासारख्या अल्कलीत लाल होतो. असे रंग बदलणारे पदार्थ पुष्कळ आहेत. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या सोरेनसन यांनी १९०९ साली आम्लतेला आकडा दिला, तोच आपला पीएच. सात म्हणजे ना आम्ल ना अल्कली, सातच्या खाली आम्ल, वर अल्कली, आणि दर पायरीला दहापटीचा फरक.

आता काचेचा केसाएवढा बारीक तंतू घ्या, म्हणजे ऑप्टिकल फायबर. एका टोकाने उजेड सोडला की तो आतल्या आत काचेच्या भिंतींवर आपटत, परावर्तित होत दुसऱ्या टोकाला पोचतो. पण भिंतीवर आपटताना त्यातला थोडासा उजेड अगदी किंचित, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, बाहेर डोकावून परत आत येतो. तंतूच्या मधल्या तुकड्यावरचं वेष्टन काढून तिथे रंग बदलणाऱ्या पदार्थाचा सच्छिद्र थर चढवला आणि तो भाग पाण्यात बुडवला, की बाहेर डोकावणारा उजेड त्या रंगाला भेटून येतो. रंग कुठला उजेड किती खाईल हे पाण्याच्या आम्लतेवर ठरतं. दुसऱ्या टोकाला किती उजेड आला ते मोजा, आणि पीएच सांगा. दुसरी रीत म्हणजे रंग तंतूच्या टोकालाच बसवायचा. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत १९८० साली फिनॉल रेड वापरून रक्तासाठी अशी सळई केली होती, ७.० ते ७.४ एवढ्याच टप्प्यासाठी. विजेचा संबंध नाही, म्हणून शरीरात घालायला बरी. दोषही आहेत. एक रंग फार तर दोन-तीन पायऱ्यांपुरता उपयोगी, तो उन्हातल्या साडीसारखा विटतो, आणि पाण्यात मीठ जास्त असलं की थोडं वेगळंच उत्तर देतो. माझी निम्मी नोकरी ह्या विटण्याशी भांडण्यात गेली.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच परिच्छेदात एक वाक्य होतं, की उजेड वाकवून नेता येतो हे जॉन टिंडल यांनी १८५४ साली पाण्याच्या धारेत प्रथम दाखवलं. आमच्या विषयातल्या दहातल्या नऊ पुस्तकांच्या सुरुवातीला ते वाक्य असायचं, त्यामुळे मीही गणपतीला नमस्कार करावा तसं ते लिहून पुढे गेले. पुढे अनेक भाषणांची पहिली स्लाइड तीच. एकदा भाषण संपल्यावर मागच्या रांगेतून एक वयस्कर स्विस गृहस्थ उठले आणि अतिशय नम्रपणे त्यांनी विचारलं, की कोलादों यांचं नाव आपण कधी ऐकलं आहे का? मी ऐकलं नव्हतं. भर सभेत कान गरम झाले. त्या रात्री घरी येऊन वाचायला बसले, आणि ज्या माणसाला मी पंधरा वर्षं पहिल्या स्लाइडवर टांगून ठेवलं होतं त्याची खरी ओळख मला तेव्हा होऊ लागली.

गंमत म्हणजे हा माणूस माझा शेजारी निघाला. आम्ही सरेमध्ये, गिल्डफर्डच्या जवळ राहतो. ए-थ्री रस्त्याने पोर्ट्समथकडे निघालं की हाइंडहेड लागतं (२०११ पासून लागत नाही, कारण बोगदा झाला). टिंडल यांनी शेवटची वर्षं तिथे काढली, आणि खाली हेझलमिअरच्या चर्चच्या आवारात त्यांना पुरलेलं आहे.

जन्म १८२० सालचा, आयर्लंडमधल्या कार्लो परगण्यातल्या लेलिनब्रिज नावाच्या खेड्यातला. वडील साधे पोलीस शिपाई. मुलाला गणित चांगलं शिकवलं गेलं एवढीच काय ती इस्टेट. एकोणिसाव्या वर्षी तो सरकारी जमीन मोजणी खात्यात नकाशे काढायच्या कामाला लागला, आणि पुढे इंग्लंडला प्रेस्टनला त्याची बदली झाली. तिथे आयरिश कामगारांना मिळणारा पगार आणि वागणूक पाहून ह्या मुलाने तक्रारीचा आवाज उठवला आणि १८४३ साली नोकरी घालवून बसला. मग रेल्वेची धामधूम सुरू होती, तिथे मोजणीदार म्हणून राबला. मग हँपशरमधल्या क्वीनवुड नावाच्या शाळेत मास्तरकी. तिथे रसायन शिकवणारा एडवर्ड फ्रँकलंड भेटला आणि दोघांनी ठरवलं, की विज्ञान शिकायचं तर जर्मनीत. १८४८ साली दोघं मारबुर्गला पोचले. टिंडल अठ्ठावीस वर्षांचे. भाषा कच्ची, खिशात रेल्वेच्या पगारातली शिल्लक. आपल्यापैकी जे कोणी सूटकेस आणि आईने दिलेलं लोणचं घेऊन इथे उतरले त्यांना हा प्रसंग वेगळा सांगायला नको. ज्यांच्या नावाचा बर्नर शाळेत सगळ्यांनी पाहिला त्या बुन्सेन यांच्या वर्गात ते बसले आणि दोन वर्षांत डॉक्टरेट घेऊन मोकळे झाले.

परत आल्यावर मात्र नोकरी मिळेना. चुंबकत्वावरच्या कामामुळे १८५२ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले, पण पोटाचं काय? नशीब फळफळलं ते १८५३ च्या फेब्रुवारीत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी एक भाषण दिलं आणि ते इतकं रंगलं की त्याच वर्षी तिथे प्राध्यापकपद मिळालं. तिथे मायकेल फॅरडे होते. लोहाराचा मुलगा आणि शिपायाचा मुलगा. दोघांत जवळपास तीस वर्षांचं अंतर. एक अत्यंत भाविक, दुसरा धर्मसत्तेशी पुढे जाहीर भांडण करणारा. पण जमलं ते शेवटपर्यंत जमलं.

तर ती पाण्याची धार. १९ मे १८५४, शुक्रवार संध्याकाळ. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या शुक्रवारच्या सभांना लंडनमधली बडी मंडळी नटूनथटून यायची, आणि त्यांना नुसतं ज्ञान देऊन भागत नसे, डोळ्यांना काहीतरी हवं. विषय होता द्रवांची हालचाल. दाखवायला काय आणावं ह्या विचारात टिंडल असताना फॅरडे यांनी सुचवलं, पाण्याच्या धारेतून उजेड सोड. भांड्याच्या एका बाजूला भोक, त्यातून बाहेर वाकून पडणारी धार, आणि बरोबर समोरच्या बाजूने आत सोडलेला झगझगीत झोत. अंधाऱ्या सभागृहात लोकांनी पाहिलं की उजेड सरळ न जाता धारेबरोबर वाकतोय आणि ती जिथे पडते तिथे पाणी चमकतंय. कारण साधं आहे. पाण्यातला उजेड हवेच्या सीमेवर फार तिरका आदळला तर त्याला बाहेर पडताच येत नाही, तो सगळाच्या सगळा आत परततो. पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात ते. माझ्या फायबरमध्येही हेच.

पण हेच जिनिव्हामध्ये डॅनियल कोलादों यांनी १८४१ साली दाखवलं होतं, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात छापलंही होतं. हे कोलादों म्हणजे ज्यांनी जिनिव्हाच्या सरोवरात पाण्याखाली घंटा वाजवून आवाजाचा पाण्यातला वेग मोजला, तेच. त्यांनाही धारच दाखवायची होती, उजेड हे फक्त ती नीट दिसण्याचं साधन होतं. टिंडल यांच्या त्या सभेत कोलादोंचं नाव आलं नाही. पुढे १८८४ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये आरोग्य प्रदर्शनात रंगीत कारंज्यांनी सगळ्यांना वेड लावलं, तेव्हा ऐंशी पार केलेल्या कोलादोंनी फ्रेंच मासिकात लेख लिहून सांगितलं, की ही कल्पना माझी, चाळीस वर्षांपूर्वीची. पण विसाव्या शतकात नरिंदर कपानी आणि त्यांच्या पिढीने फायबरचं शास्त्र उभं केलं तेव्हा इंग्रजी पुस्तकांत आद्य पुरुष म्हणून टिंडल यांचीच मूर्ती बसली. १९९९ साली जेफ हेक्ट यांनी फायबरचा इतिहास लिहिला आणि कोलादोंना त्यांची जागा परत दिली. मी ते पुस्तक वाचलं नव्हतं, हा दोष माझाच.

इथपर्यंत वाचून माझं टिंडल यांच्याबद्दल थोडं वाईट मत झालं होतं, खरं सांगते. पण पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं, की दुसऱ्याच्या श्रेयासाठी ह्या माणसाएवढं भांडलेलं त्या काळात क्वचितच कोणी असेल. जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा डॉक्टर युलिउस मायर. जहाजावरचा डॉक्टर म्हणून जावाला गेला असता तिथल्या खलाशांचं रक्त जास्त लाल का, ह्यावरून विचार करत करत तो उष्णता आणि काम ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत इथपर्यंत पोचला. १८४२ साली त्याने ते छापलं. कोणी विचारलं नाही. वैतागून, घरच्या दुःखांनी पिचून त्याने खिडकीतून उडी घेतली, जगला, आणि मग त्याला वेड्यांच्या इस्पितळात कोंडलं गेलं. १८६२ साली टिंडल यांनी भर लंडनमध्ये उभं राहून सांगितलं, की ह्या शोधात ह्या डॉक्टरचं नाव आधी घ्यायला हवं. इंग्लंडमध्ये गहजब झाला, कारण तो मान सगळ्यांनी ज्यूल यांना देऊन टाकला होता. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, आणि टेट हे दोघं टिंडल यांच्यावर तुटून पडले. वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १८७० चं कॉप्ली पदक ज्यूल यांना आणि १८७१ चं मायर यांना मिळालं. पुढे १८८३ मध्येही असंच. दीपगृहांचे वैज्ञानिक सल्लागार असताना डब्लिनच्या जॉन विगम यांच्या गॅसच्या दिव्यांवर अन्याय होतोय असं वाटलं म्हणून टिंडल यांनी ते पद सोडलं.

मग त्यांचं स्वतःचं असं काय? माझ्या दृष्टीने उत्तर १८५९ सालात आहे, आणि ते पाण्याच्या धारेत नाही तर एका पितळेच्या नळीत आहे.

प्रश्न असा होता, की सूर्याची उष्णता हवेतून खाली येते, पण जमिनीची उष्णता तशीच परत का जात नाही? हवेतले वायू अदृश्य उष्णता, म्हणजे अवरक्त किरण, अडवतात का? आणि अडवत असतील तर नेमका कुठला वायू किती? सगळे वायू डोळ्यांना सारखेच पारदर्शक. टिंडल यांनी आतून घासून चकचकीत केलेली पितळेची लांब नळी घेतली. दोन्ही टोकं बंद करायची, पण काचेने नाही, कारण काच स्वतःच उष्णता अडवते. म्हणून सैंधवासारख्या खनिज मिठाच्या स्वच्छ तावदानांनी. एका टोकाला उकळत्या पाण्याचं भांडं, दुसऱ्या टोकाला थर्मोपाइल, म्हणजे उष्णतेची वीज करणारं उपकरण, आणि त्याला जोडलेली गॅल्व्हानोमीटरची सुई. खरी युक्ती पुढे आहे. नळीतून येणारी उष्णता भरपूर आणि वायूने खाल्लेली अगदी थोडी, तेव्हा मोठ्या आकड्यातला बारीक फरक दिसणार कसा? म्हणून थर्मोपाइलच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक गरम भांडं ठेवून सुई आधी शून्यावर आणायची, म्हणजे तराजूची दोन्ही पारडी समान करायची. मग नळीत वायू सोडला की सुई हलते ती फक्त त्या वायूमुळे. १० जून १८५९ रोजी राणीचे यजमान प्रिन्स ॲल्बर्ट अध्यक्ष असताना त्यांनी हे रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं आणि १८६१ साली सविस्तर मांडलं. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन जवळजवळ काहीच अडवत नाहीत. पाण्याची वाफ आणि कार्बॉनिक ॲसिड मात्र अडवतात. कार्बॉनिक ॲसिड म्हणजे त्या काळी कार्बन डायऑक्साइडचं नाव!

हे वाचताना मी खुर्चीतून उठले. कारण ही नळी म्हणजे माझाच सेन्सर की! एका टोकाला उगम, मध्ये किरणांना आत धरून ठेवणारी वाट, त्या वाटेत जे मोजायचं ते, दुसऱ्या टोकाला मोजणारा डोळा, आणि बाजूला शून्य राखायला दुसरा झोत. माझ्या फायबरमध्येही रंग विटला तरी उत्तर चुकू नये म्हणून दुसऱ्या रंगाचा उजेड सोडावा लागतो, जो आम्लतेने बदलत नाही, आणि मग दोन्हींचं गुणोत्तर घ्यायचं. पाण्याची धार ही करमणूक होती, आणि तीही उसनी. पितळेची नळी खरी पूर्वज. आम्ही सगळे आपले चुकीच्या देव्हाऱ्यात फुलं वाहत होतो.

इथेही श्रेयाचा काटा आहेच. अमेरिकेत यूनिस फूट ह्या बाईंनी १८५६ सालीच काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले आणि दमट हवा व कार्बॉनिक ॲसिड जास्त तापतात हे दाखवलं होतं. ऑल्बनीच्या सभेत त्यांचा निबंध वाचून दाखवला तोही एका पुरुषाने, जोसेफ हेन्री यांनी. टिंडल यांना हे माहीत होतं असा पुरावा नाही, आणि फूटबाईंच्या प्रयोगात सूर्याचं ऊन आणि जमिनीची अदृश्य उष्णता वेगळी केलेली नव्हती. तरी कार्बन डायऑक्साइडकडे बोट प्रथम त्यांनी दाखवलं, आणि ते जगाच्या लक्षात यायला २०११ साल उजाडलं.

ह्याच वायूने माझी शेवटची नोकरी मला दिली. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो तसा समुद्र तो पितो, आणि पाण्यात तो खरोखरच कार्बॉनिक ॲसिड होतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच सरासरी ८.२ च्या आसपास होता, आता ८.१ च्या आसपास आहे. एक दशांश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण ही दहापटीची मोजपट्टी आहे. आम्लता पाव हिश्श्याहून जास्त वाढली असा त्याचा अर्थ. शिंपले आणि प्रवाळ ह्यांना कवच बांधणं अवघड होतं. एवढा सूक्ष्म बदल वर्षानुवर्षं खात्रीने मोजायला समुद्राच्या कामात रंग आणि उजेड वापरतात, त्यासाठी आमची धडपड.

बाकीचं आयुष्य भरगच्च आहे, पण संपादकांची पानं मोजकी आहेत. आल्प्सचं वेड इतकं, की १८६१ साली वाइसहॉर्न शिखरावर पहिलं पाऊल ह्यांचं आणि ह्यांच्या दोन वाटाड्यांचं. उजेडाच्या झोतात धुळीचे कण का चमकतात ते शोधलं, त्याला आजही टिंडल परिणाम म्हणतात. पाश्चर यांची बाजू घेऊन, धूळ नसलेल्या पेटीत मटणाचा रस्सा कुजत नाही हे दाखवलं. पुन्हापुन्हा उकळून जंतू मारायची पद्धत त्यांच्या नावाने आहे. १८७२-७३ मध्ये अमेरिकेत भाषणांचा दौरा केला, तेरा हजार डॉलर उरले, ते सगळे तिथल्याच विद्यार्थ्यांसाठी ठेवून आले. १८७४ च्या बेलफास्टच्या अध्यक्षीय भाषणाने धर्मगुरू खवळले. आणि एक गोष्ट मी लपवणार नाही. जमैकामध्ये १८६५ साली गव्हर्नर आयर यांनी काळ्या लोकांचं बंड चिरडताना चारशेहून अधिक माणसं मारली, तेव्हा डार्विन आणि हक्स्ली आयर यांच्या विरोधात होते आणि टिंडल त्यांच्या बचावाला उभे राहिले. आयरिश मजुरांसाठी नोकरी घालवणारा तो तरुण तेव्हा कुठे गेला होता, हे मला आजवर उमगलेलं नाही.

लग्न त्यांनी केलं पंचावन्नाव्या वर्षी, तेही २९ फेब्रुवारीला, १८७६ साली. लुईझा हॅमिल्टन सरदार घराण्यातल्या, तीस वर्षांच्या. ह्या बाईंनी नवऱ्याचा संसारच नाही तर कामही उचललं; प्रयोगांत मदत, लिखाणाच्या नकला, पत्रव्यवहार. मूल झालं नाही. १८८५ च्या सुमारास दोघांनी हाइंडहेडला घर बांधलं, कारण तिथली हवा आल्प्ससारखी आहे असं टिंडल यांचं मत. शेजाऱ्याने समोर बांधकाम काढलं तेव्हा ते दिसू नये म्हणून भल्यामोठ्या लाकडी चौकटी उभारून त्यांवर माळरानावरचं हेदर लावलं! वयाबरोबर तऱ्हेवाईकपणाही वाढतो, हे आमच्याकडेही अनुभवास येतं.

झोपेने मात्र त्यांना कायम दगा दिला. कितीतरी वर्षं रात्र रात्र जागून काढायचे. शेवटी झोपेसाठी क्लोरल घ्यायचे आणि सकाळी मधूनमधून मॅग्नेशिया. मॅग्नेशिया म्हणजे पोटातल्या आम्लावरचा जुना, भरवशाचा उतारा; आपल्याकडे लहानपणी निळ्या बाटलीत यायचा त्यातलाच. औषधं द्यायच्या लुईझाबाई. १८९३ च्या डिसेंबरची चार तारीख, सोमवार सकाळ. टिंडल आजारी, अंथरुणात. बाईंनी मॅग्नेशिया समजून हात घातला तो क्लोरलच्या बाटलीला. डोस मॅग्नेशियाचा, औषध क्लोरल. त्यांना चव गोड लागली तेव्हा घोटाळा दोघांच्याही लक्षात आला. काय झालंय हे कळूनही टिंडल शांत राहिले. उलटी करायचा प्रयत्न केला, डॉक्टर आले, सगळे उपाय झाले. संध्याकाळी ते गेले. चौकशीत अपघात असंच ठरलं, आणि बाईंना कोणी दोष दिला नाही. जिनिव्हाचे कोलादों त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते.

बाई त्यानंतर सेहेचाळीस वर्षं जगल्या. त्यांनी एकच काम हाती घेतलं, नवऱ्याचं चरित्र. जगभरातून पत्रं गोळा केली, रोजनिशा उतरवून घेतल्या, सगळं लावून ठेवलं. दुसऱ्या कोणाला ते लिहू देईनात आणि त्यांच्याकडून ते पुरं होईना. बेलाल्पला, आल्प्समधल्या त्यांच्या घराजवळ, १९११ साली स्मारकाचा दगड उभा केला, पण पुस्तक नाही. १९४० मध्ये त्या गेल्या आणि चरित्र निघालं ते १९४५ साली, दुसऱ्यांनी लिहिलेलं. तोवर टिंडल यांना ओळखणारं जवळजवळ कोणी उरलं नव्हतं. त्या खोल्याभर कागदांसमोर बसून बाई काय विचार करत असतील, आणि नेमक्या कुठल्या तारखेपाशी येऊन त्यांची लेखणी थांबत असेल, हे मला बाकी कशाहूनही जास्त छळतं.

आमच्याकडेही रोज रात्री ह्यांच्या गोळ्या काढून ठेवायचं काम माझ्याकडे आहे. रक्तदाबाची पांढरी आणि ॲसिडिटीची पांढरी, दोन्ही सारख्याच आकाराच्या. मी आता चष्मा लावून, दिवा लावून, बाटलीवरचं नाव दोनदा वाचते. हे चिडवतात, की एवढं तर तू समुद्राचा पीएचसुद्धा तपासला नसशील.

मागच्या शरद ऋतूत हेझलमिअरच्या चर्चच्या आवारात जाऊन आले. ओली पानं, कोणीही नाही. दुसऱ्याच आठवड्यात इथल्या शाळेतल्या मुलांसमोर बोलायचं होतं, म्हणून घरी येऊन जुनी भाषणं उघडली. पहिल्या स्लाइडवर आता डॅनियल कोलादों, जिनिव्हा, १८४१ आहे. दुसरीवर पितळेची नळी आहे, तिच्याखाली टिंडल, १८५९, आणि तिच्यावर यूनिस फूट, १८५६. तिसऱ्या स्लाइडला हळद, चुना आणि एक पांढरा रुमाल लागतो. ह्या वेळी चुना मिळाला नाही, साबणावर भागवलं, पण मुलं तेवढ्यावरही खूश होती.